कोकणातल्या मैदानी पैलवानाने हंगाम कसा बांधावा

मैदानी पैलवानाला पगार नसतो. त्याची कमाई इनामाची, आणि ती बरीचशी हौदात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, उतरण्याआधीच ठरलेली असते. कोणाशी लढायचं, वजनात किती फरक चालेल, माती कसली, शर्ती काय, याला होकार देताना जो घाई करतो तो चांगले डाव येत असूनही दोन-तीन हंगामांत गुडघा नाहीतर खांदा घालवून घरी बसतो. म्हणून इथे डावांपेक्षा जोड, तयारी, अंग आणि हिशोब यांवर जास्त लिहिलं आहे. वयाची अठरा वर्षं झालेल्या आणि वस्तादाच्या हाताखाली किमान तीन वर्षं नियमित लढत केलेल्या पैलवानासाठी हे आहे. त्याहून लहान मुलांनी कुठली कुस्ती घ्यायची हे वस्तादालाच ठरवू द्यावं.

हंगामाचा आराखडा

कोकणात मैदानं, म्हणजे जत्रांमधले कुस्त्यांचे फड, कार्तिकात सुरू होतात आणि वैशाखाअखेर संपतात. उत्तर कोकणात, म्हणजे अलिबाग, पेण, उरण, पनवेल, कर्जत, खालापूर आणि पुढे ठाणे-पालघरकडे, ग्रामदैवताच्या जत्रेत कुस्त्या ठेवण्याची रीत घट्ट आहे. तिथला पैलवान घरून निघून रात्री घरी परतू शकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुस्तीचे फड विरळ आहेत. तिथल्या जत्रेची रात्र दशावताराची असते, आणि फाल्गुनात शिमग्याच्या पालखीपुढे दुसरं काही सुचत नाही. त्या पट्ट्यातल्या पैलवानाला घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही: चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, कणकवलीहून फोंडा नाहीतर करूळ घाट, सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगाव.

घाटावरच्या यात्रांचा जोर चैत्र-वैशाखात असतो. त्यामुळे हंगामाचे सरळ दोन भाग पडतात. कार्तिक ते माघ जवळची, मध्यम इनामाची मैदानं घ्यावीत. त्यात अंग सैल होतं आणि नाव होतं. चैत्रापासून मोजकी पण मोठी मैदानं घाटावर करावीत. कोल्हापूर-सांगलीकडची तालमीतली पोरं वर्षभर रोज दोन वेळा लढतात, त्यामुळे कार्तिकातच तिकडे जाऊन एक-दोन नंबरच्या, म्हणजे मोठ्या इनामाच्या, कुस्तीला हात घातला तर दम कमी पडतो. मध्ये फाल्गुनात पंधरा दिवस पूर्ण विश्रांती ठेवावी. शिमगा त्यासाठी सोयीचा आहे, पण पालखी नाचवताना गुडघा जपा.

आठवड्याला नेमलेली कुस्ती एकच, फार तर दोन. लागोपाठ तीन गावांच्या जत्रा आल्या की मोह होतो. पण तिसऱ्या दिवशी मान आखडलेली असते, पकड सुटते, आणि दुखापती अशाच दिवशी होतात. कबड्डीही खेळणाऱ्यांनी, आणि कोकणात असे पुष्कळ आहेत, कबड्डीचे सामने आणि मैदान एकाच आठवड्यात घेऊ नये. कबड्डीत घोटा आणि गुडघा पिळला जातो, आणि दोनच दिवसांनी त्याच पायावर कोणीतरी पट काढतो, म्हणजे पाय धरून पाडतो.

जोड: होकार देण्याआधी

कुस्ती दोन तऱ्हांनी लागते. पहिली नेमलेली. कमिटी आधी फोन करते, दोघांची नावं पत्रकावर छापते, एक नंबर, दोन नंबर असा क्रम देते. दुसरी मैदानातच जमते. पंच दोघांचे हात धरून हौदाभोवती फिरवतात, जोड पसंत पडली की इनाम पुकारतात आणि कुस्ती लावतात.

मैदानात जोड लागताना वजनकाटा नसतो, सगळं नजरेवर चालतं. स्वतःचं वजन त्या आठवड्यात मोजलेलं हवं आणि समोरच्याचं अंदाजाने सांगता यायला हवं. त्याची मान, मनगट आणि मांडी बघा, पोट बघू नका. आमच्या मते वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंतचा फरक बिनधास्त घ्यावा, म्हणजे ऐंशी किलोच्या पैलवानाला चार किलो. पाच ते दहा टक्के फरक असेल तर समोरचा कुठल्या तालमीचा, किती दिवस मैदान करतोय हे विचारूनच पुढे जावं. दहा टक्क्यांवर सरळ हात काढून घ्यावा. लोक ओरडतील, "भ्यालास काय" म्हणतील. हात काढून घेणं हा पैलवानाचा हक्क आहे आणि जाणता पंच तो मान्य करतो. बारा किलोने जड माणूस अंगावर पडला की डाव चुकण्याचाही प्रश्न उरत नाही, तो नुसता बसला तरी बरगडी जाते.

नेमलेल्या कुस्तीसाठी फोन आला की लगेच हो म्हणू नका. पुढच्या गोष्टी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. समोरचा कोण आणि वजन किती. कुस्ती निकालीच, म्हणजे चितपट होईपर्यंत, की ठरावीक वेळेनंतर गुणांवर? वेळ किती मिनिटं? बरोबरीत सुटली तर इनामाचं काय, अर्धं-अर्धं, की कमी करून? हरणाऱ्याला काही आहे का? येण्या-जाण्याचा खर्च वेगळा, की इनामातच धरलाय? पैसे रोख की खात्यावर, आणि त्याच रात्री की नंतर? डॉक्टर आणि गाडी मैदानावर असेल का? सगळ्यात जास्त भांडणं बरोबरीच्या इनामावरून होतात. पत्रकावर मोठा आकडा छापलेला असतो, कुस्ती वीस मिनिटांनी सोडवली जाते, आणि हातावर चतुर्थांश रक्कम पडते. आधी लिहून घेतलेलं असेल तर तंटा होत नाही.

मुलींच्या कुस्त्या आता जत्रांमध्ये बऱ्याच ठिकाणी लागतात. त्यांनी या यादीत दोन प्रश्न वाढवावेत: कपडे बदलायला बंद खोली आहे का, आणि जोड वजन करून लावणार का. जोडीला घरचं किंवा तालमीतलं माणूस हवंच.

नूरा कुस्तीची, म्हणजे निकाल आधी ठरवून लढायची, विचारणा कधी ना कधी होतेच. ती घेऊ नका. कुस्तीगाव जाणतं असतं, खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीतच, प्रेक्षकांना वास येतो, आणि एकदा बोभाटा झाला की पुढच्या हंगामात चांगल्या कमिट्यांचे फोन येत नाहीत. एका रात्रीच्या रकमेसाठी पाच वर्षांची मैदानं जातात.

माती आणि पावसाळा

हंगामाची खरी मेहनत जून ते सप्टेंबरमध्ये होते, आणि कोकणात तेव्हाच माती हाताशी राहत नाही. उघडा आखाडा आठवड्यात चिखल होतो. वर पत्रा हवाच, शिवाय हौदाची कड बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच हवी आणि चारी बाजूंनी पाण्याला वाट हवी.

वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि एक फूट खोल हौदाला चारशे घनफूट, म्हणजे चार ब्रास माती लागते. दीड फूट खोलीला सहा ब्रास. जांभ्याची माती लाल दिसते म्हणून ती तशीच टाकू नका. तिच्यात खडे असतात आणि ते पाठीला, कोपराला चिरे पाडतात. आधी रेती चाळायच्या जाळीतून, मग गव्हाच्या चाळणीतून काढा. किनाऱ्याची वाळू कधीही मिसळू नका, शिंपल्याचा तुकडा वस्तऱ्यासारखा कापतो आणि खारटपणामुळे माती सतत ओल धरते. चाळलेल्या मातीत ब्रासमागे पाच लिटर गोडं तेल, दहा लिटर ताक, दोन किलो हळद आणि पन्नासेक लिंबांचा रस ही बेताची भर आहे. मोठ्या तालमी याहून पुष्कळ जास्त घालतात. तेलाने धूळ उडत नाही आणि माती अंगाला चिकटून राहत नाही, ताकाने ओल टिकते. हळदीने जखमा आपोआप बऱ्या होतात या भरवशावर मात्र राहू नये.

ओल योग्य आहे का हे मुठीने तपासा. मूठभर माती दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचताच फुटायला हवा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी आहे, पाणी शिंपडून उलथा. बोट रुतलं तर ती ओली आहे, त्या दिवशी लढत नको, पाय अडकून गुडघा वळतो. रोज लढतीआधी फावड्याने संपूर्ण हौद वीत-दीड वीत उकरा. हा मातीचा उपचार आहे तसाच पाठ-खांद्यांचा व्यायामही.

पावसाळ्यातला सगळ्यात मोठा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा, आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून हा रोग खरचटलेल्या कातडीवाटे अंगात शिरतो. लावणीच्या दिवसांत शेतात उभं राहणाऱ्या आणि संध्याकाळी आखाड्यात उतरणाऱ्या पोरांनी दुप्पट जपावं. जखमेवर चिकटपट्टी लावल्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नये. या रोगात ताप येतो, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या भयंकर दुखतात. पैलवान हमखास समजतो की बैठकांनी पोटऱ्या भरल्यात, आणि दोन दिवस घालवतो. पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखल्या तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि मातीत व शेतात काम करतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची तारीखही लिहून ठेवा.

मेहनत आणि खुराक

पावसाळ्यात सकाळी जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं, मानेचा पूल, संध्याकाळी लढत. आकडे वस्ताद ठरवील. मैदानी कुस्तीसाठी एकच गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. लढतीतला निम्मा वेळ खाली, म्हणजे एकजण दुसऱ्याच्या कब्जात असताना, घालवा. मॅटवर तयार झालेला पैलवान पट काढून गुण घेतो आणि पुन्हा उभा राहतो. निकाली कुस्तीत त्या गुणाला किंमत नसते, समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लागले तरच पूर्ण इनाम. म्हणून घिस्सा, मोळी, एकचाक यांतले किमान दोन डाव आणि कब्जातून सुटायच्या दोन वाटा हाताच्या बोटांत बसलेल्या हव्यात. उभ्याने ढाक किंवा कलाजंग बसला तर उत्तमच, पण त्यावर सगळी भिस्त ठेवली आणि डाव हुकला तर पाठ आपली जाते.

खुराकाचा हिशोब प्रथिनांत मांडा. किलोमागे रोज पावणेदोन ते दोन ग्रॅम पुरतात, म्हणजे ऐंशी किलोला १४० ते १६० ग्रॅम. एक लिटर दुधात बत्तीसेक ग्रॅम, चार अंड्यांत चोवीस, साफ केलेल्या पाव किलो बांगड्यात पंचेचाळीसच्या आसपास, शंभर ग्रॅम सुक्या कुळथात वीस-बावीस, पन्नास बदामांत बारा, आणि दिवसभराच्या भात-भाकरीत वीस. एवढ्यात काम झालं. बदाम भिजवून, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत घोटलेली थंडाई जरूर प्या, पण प्रथिनांसाठी बदामांवर अवलंबून राहणं म्हणजे पैसे जाळणं आहे. बांगडा, मांदेली, कुळीथ आणि नाचणी हा किनाऱ्यावरचा खुराक कोणत्याही डब्यातल्या पावडरीला हार जाणारा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, सोडे, अंडी आणि कडधान्यं वाढवा. सुक्या मासळीतलं मीठ धुऊन काढा.

दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. लढतीआधी आणि नंतर वजन करा. कमी झालेल्या दर किलोमागे पुढच्या तीन-चार तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी जायला हवं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चहाच्या चमच्याने पाळा. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात मीठ फार कमी असतं. मोठी चिमूट टाकून प्या, नाहीतर रात्री पायात गोळे येतात.

दमासाठी किंवा ताकदीसाठी कोणी इंजेक्शन देऊ केलं तर हात लावू नका. मेफेंटरमाइन नावाचं औषध व्यायामशाळांमधून फिरतं. ते भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी डॉक्टरांनी वापरायचं आहे. लढतीच्या श्रमात ते हृदयाची लय बिघडवतं आणि माणूस जाऊ शकतो. शिवाय ते उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. मॅटच्या स्पर्धेत सापडलात तर बंदी येते.

मैदानाच्या दिवशी

पिशवीत तीन लंगोट आणि दोन जांघिये ठेवा; समुद्राकाठच्या हवेत ओला लंगोट दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही, आणि ओला लंगोट घातला की जांघेत नायटा झालाच म्हणून समजा. दोन पंचे, साबण, नखं काढायचं, चिकटपट्टी, मीठ-साखरेची पुडी, आधारकार्डाची प्रत. जेवण तीन तास आधी, भात आणि वरण. मैदानावर जत्रेचं तळलेलं काही नको.

पोचल्याबरोबर अनवाणी हौदात एक फेरी मारा. खडा, काच, खिळा, कडेला पुरलेला बांबू, सगळं पायाला कळतं. बरेच फड एका दिवसासाठी शेतात बनवलेले असतात, वर भुसभुशीत आणि खाली कडक ढेकूळ. अशा ठिकाणी उचलून आपटायचे डाव टाळा, तुमचाही खांदा त्याच ढेकळावर पडणार आहे. सोबत एक विश्वासू माणूस आणा. प्रेक्षक खुशीने नोटा देतात, त्या त्याच्या हाती जाऊ द्या, आणि इनाम मोजून घेणंही त्याचंच काम.

नंबरची कुस्ती शेवटी लागते, पुष्कळदा दिवे लागल्यावर. दुपारी गरम केलेलं अंग तोवर थंड झालेलं असतं. तुमच्या आधीच्या तीन कुस्त्या उरल्या की पुन्हा पंधरा मिनिटं अंग गरम करा, मान आणि घोटे विशेष. सलामी झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं खडाखडीतच समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघा. हलगीच्या तालावर घाई करू नका. खांदे लागले असं वाटलं तरी पंचाचा इशारा होईपर्यंत कब्जा सोडायचा नाही. "झाली" असा लोकांचा आरडाओरडा ऐकून ज्याने पकड सोडली, त्याचा डाव तिथेच उलटतो.

कुस्ती संपल्यावर अर्ध्या तासात साबणाने अंघोळ. कान सुजून मऊ, पाणी भरल्यासारखा लागला तर तो दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून उपसून घ्या आणि दाबपट्टी बांधलेली असेपर्यंत लढत बंद ठेवा. आठवडा गेला की आतलं रक्त गोठून कान कायमचा वाकडा होतो. तुटलेला कान पैलवानाची निशाणी म्हणून मिरवतात. तो मिरवायचा की वाचवायचा हे तुमचं, पण घरी सुई टोचून पाणी काढू नका, त्यातून कानाच्या कूर्चेत पू होतो. नायट्याला औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नयेत. खाज दोन दिवस थांबते, नायटा खोल पसरतो आणि तालमीतल्या सगळ्यांना लागतो. डोक्यावर आपटून क्षणभर जरी भान हरपलं, उलटी झाली किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही आणि दवाखान्यात जायचं. किती दिवस विश्रांती हे डॉक्टर सांगतील.

मॅटची कागदपत्रं

जत्रेतल्या गदा-ढालींना नोकरीसाठी किंमत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं धरली जातात आणि त्यांची पडताळणी होते. म्हणून वर्षाकाठी किमान जिल्हा आणि राज्य निवड चाचणी मॅटवर किंवा मातीवर द्याच. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात, तेव्हा मातीवरच्या पैलवानालाही तिथे वाट आहे. चाचणी कोणत्या संघटनेची, आणि तिचं प्रमाणपत्र शासन धरतं का, हे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा. खाशाबा जाधव मातीतूनच गेले. १९४८ ला लंडनला सहावे आले, मग मॅटची सवय करून १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. मॅट आठवड्यातून दोन दिवस मिळाली तरी पायांची चाल बदलायला पुरते.

हिशोब

एक वही ठेवा: तारीख, गाव, समोरचा पैलवान, वजन, ठरलेलं इनाम, हातात आलेलं, प्रवास, निकाल, दुखापत. हंगामाअखेर बेरीज केली की लक्षात येतं की घाटावरची दोन मोठी मैदानं आणि जवळची सहा लहान यांत प्रत्यक्ष काय उरलं. पुष्कळांचा तोटा गाडीभाड्यात असतो. हातात आलेल्यातला पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, पावसाळ्याचे चार महिने त्यावर निघतील. पैसे शक्यतो खात्यावर घ्या. मोठ्या इनामातून कर कापला तर पॅन द्या आणि तो आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा दिसतो का ते तपासा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात. बँकेत जाऊन आजच काढा. पण त्यात नुसतं हाड मोडल्याचा खर्च मिळत नाही. त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या जवळचं कुठलं रुग्णालय येतं आणि गुडघ्याची कुठली शस्त्रक्रिया बसते ते हंगामाआधी विचारून ठेवा, नंतर धावपळीत कागद मिळत नाहीत.

नेमलेली कुस्ती दुखापतीमुळे मोडायची वेळ आली तर आदल्या रात्री फोन बंद करून बसू नका. दुखलं त्याच दिवशी कमिटीला कळवा, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा आणि आपल्या तालमीतला त्याच वजनाचा दुसरा पैलवान सुचवा. समोरच्या वस्तादालाही स्वतः फोन करा. पत्रक छापलेलं असतं, लोक लांबून येणार असतात. बदली जोड वेळेत मिळाली तर कमिटीचा राग राहत नाही आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव यादीत राहतं.